निळा रंग उतरायच्या आत

लातुरात नळाला पाणी आलं की मेलेलं माणूससुद्धा उठून घागर धरील, असं मी चेष्टेनं नेहमी म्हणते. त्या सकाळी बऱ्याच दिवसांनी नळ आला होता. बादल्या, पिंप, पातेली, कुकरची भांडी, सगळं रांगेनं मांडून मी पाइप इकडून तिकडे फिरवत होते आणि आतल्या खोलीत फोन वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. ज्याला कुणाला माझ्याशी बोलायचंय त्याला लातूरची रीत माहीत नाही, असं म्हणत मी तिसऱ्यांदा ओल्या हातानंच उचलला. नांदेडहून प्रज्ञा बोलत होती. ‘मावशी, आई गेली.’ मी म्हणाले, ‘थांब, नळ बंद करते.’ आणि खरंच जाऊन नळ बंद केला. पाणी चालू असताना नळ बंद करणारी त्या दिवशी गावात मी एकटीच असेन. मग पिंपाला टेकून खाली बसले आणि प्रज्ञाला म्हणाले, हं, आता सांग... पण सांगण्यासारखं आणखी काही नव्हतं.

प्रज्ञाची आई म्हणजे सुजाता कांबळे. माझी मैत्रीण. एकेकाळी आम्ही दोघी लातुरात एका खोलीत राहत होतो. मी उदगीरची, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आलेली. ती नांदेडची, रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली. वडील रेल्वेत गँगमन. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात शिकण्याशिवाय दुसरा देव नाही, असं ती हसत सांगायची. लातूर जिल्हा नवा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवर ‘तालुका’ खोडून ‘जिल्हा’ लिहायचं काम पेंटरांना पुरत नव्हतं. आता सगळं येणार, असं ज्याला त्याला वाटत होतं. काय येणार ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, पण येणार होतं. त्या उत्साहात एका सहकारी संघानं इथं माती तपासायची प्रयोगशाळा काढली. संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुख्य प्रयोगशाळा नांदेडला होती, सुजाता तिथं कामाला होती. ‘इथली घडी बसेपर्यंत, वर्षभर’ म्हणून तिला लातूरला धाडलं. विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर नवरा ओव्हरसियर, सासूजवळ ठेवलेली चालती-बोलती मुलगी, आणि ही इकडे. वर्षभराचं काय एवढं, असं तिलाही वाटलं होतं.

आमची खोली म्हणजे अप्पांच्या डाळीच्या दुकानावरची माडी. अप्पा आमच्याच लिंगायतांतले, म्हणून मला ती मिळाली. सुजाताचं आडनाव ऐकून अप्पांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, जराशी मान वाकडी केली होती, पण मी आधीच सामान वर चढवलं होतं. पहिल्याच एप्रिलमध्ये एका संध्याकाळी सुजाता पदराखाली झाकून एक तपकिरी बाटली घरी घेऊन आली आणि माठाच्या तिवईखालच्या ओल्या वाळूत तिनं ती गळ्यापर्यंत खोचून ठेवली. मी विचारलं, ‘काय गं हे?’ म्हणाली, ‘स्टॅनस क्लोराईड. कथिलाचा क्षार. लॅबवर पत्रा हाय ना, दुपारी आत भट्टी होऊन राहिली. ह्याला एवढी गरमी सोसंना. बघ, आपल्याच पाण्यात विरघळून गेलं.’ मी बाटली उजेडात धरली. सकाळी खडीसाखरेसारखे असलेले पांढरे खडे पाण्यासारखे पातळ होऊन तळाशी डुलत होते. अंगात ताप असलेल्या माणसाच्या हातावरसुद्धा ते वितळू शकतात, इतका त्यांचा जीव हलका. लातूरच्या उन्हाळ्यात आम्ही माणसं कशीबशी घट्ट राहत होतो, खड्यांना ते जमत नव्हतं. मग रोज संध्याकाळी बाटली घरी, सकाळी लॅबला. पाळण्यात पोर निजवावं तशी ती तिला वाळूत निजवायची. हे मी तेव्हा गमतीनं बोलून गेले आणि तिचा चेहरा बघून पुन्हा कधी बोलले नाही.

ह्या एका क्षाराबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं माझ्या विद्यार्थिनींना व्याकरणातल्या संधीबद्दल माहीत नव्हतं. साध्या पाण्यात टाकला की दुधासारखा पांढराफटक होऊन रुसतो. आम्ल घातलं की मुकाट्यानं विरघळून नितळ होतो. उघडा ठेवला की हवेतला प्राणवायू ओढून घेतो आणि मग दिसायला तसाच, पण बिनकामाचा. म्हणून त्याच्या द्रावणाच्या बाटलीत कथिलाचा एक तुकडा टाकून ठेवायचा. क्षार बिघडायला लागला की कथिल स्वतः झिजतं आणि त्याला परत वळणावर आणतं. ‘म्हणजे घरातल्या बाईसारखं,’ मी म्हणाले. ‘तू मराठीच शिकव,’ ती म्हणाली. संघाकडून कथिल वेळेवर यायचं नाही, तेव्हा ती गल्लीत येणाऱ्या कल्हईवाल्याला थांबवून त्याच्याकडून कांडीचा तुकडा घ्यायची. त्याचा भाता, नवसागराचा तो पांढरा धूर, भांड्यावर फिरणारा कापसाचा बोळा... ती तिथं उभी राहून बघत बसायची. धुरात नवसागर आणि कथिल एकमेकांना भेटतात तेव्हा आपलाच क्षार थोडासा तयार होतो, असं तिनं त्या कल्हईवाल्यालाही सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘होत असंल बाई. आपल्याला चमक आली म्हंजे झालं.’ त्याच्या कथिलात शिसं भेसळ केलेलं आहे का, हे मात्र ती आम्लात टाकून बघायचीच. शिसं असलं की तळाशी पांढरं बसतं.

एवढा लाड कशासाठी, तर मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजायला. पिकाला नत्र, स्फुरद, पालाश लागतं हे आता शाळेतली पोरंही सांगतात. मातीचा अर्क काढायचा, गाळायचा, त्यात एक औषध घालायचं आणि शेवटी ह्या क्षाराचे थेंब. थेंब पडले की मातीत स्फुरद जेवढं, तेवढा निळा रंग चढतो. थोडं असलं तर आभाळी, भरपूर असलं तर शाईसारखा. मी एकदा तिथं बसून पाहिलंय. नितळ पाण्यात कुठून तरी आतूनच निळं उगवतं. पण तो रंग टिकत नाही. चढायला थोडा वेळ, मग थोडा वेळ स्थिर, आणि मग उतरायला लागतो. त्या मधल्या वेळातच यंत्रात ठेवून आकडा वाचायचा. आधी वाचला तर कमी, नंतर वाचला तरी कमी. तेवढ्या वेळात हाक आली, तार आली, दारात कुणी उभं राहिलं, तरी हलायचं नाही. एकदा तिचा नवरा कामासाठी लातूरला आला आणि न सांगता लॅबच्या दारात जाऊन उभा राहिला. तिनं मान वर केली, हातानं ‘थांबा’ म्हणाली आणि परत खाली बघितलं. एक झालं की दुसरी फेरी, दुसरी झाली की तिसरी. तो माणूस बाहेरच्या बाकड्यावर बसून शेवटी आमच्या माडीवर आला आणि मला म्हणाला, ‘ताई, तुमच्या मैत्रिणीला चहाला सोडता येतं का, विचारून बघा.’ हसत म्हणाला, पण हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं.

त्या क्षाराची आणखी एक खोड आहे. कातडीला लागला की हाताला मासळीसारखा वास येतो आणि साबणानं जात नाही. अक्कांच्या नाकानं तो वास पहिल्याच महिन्यात टिपला. मला बाजूला घेऊन त्या कुजबुजल्या, ‘शैला, ती वर मासे शिजवती का गं? खरं सांग. मला जिन्यात वास येतो.’ मी काही बोलायच्या आत मागून सुजाता आली. तिनं ऐकलं होतं. ती वर गेली, छोट्या शिशीत पातळ द्रावण होतं ते आणलं आणि म्हणाली, ‘अक्का, बोट पुढं करा.’ अक्कांनी कुतूहलानं बोट पुढं केलं. सुजातानं एक थेंब टाकला, चोळला, आणि म्हणाली, ‘घ्या वास.’ अक्कांनी बोट नाकाशी नेलं मात्र, ‘शिवा शिवा शिवा’ करत त्या थेट न्हाणीत पळाल्या. आम्ही जिन्यात बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. त्यानंतर अक्कांनी असलं काही विचारणं सोडलं. जेवायला मात्र मला एकटीलाच बोलवत राहिल्या. मी गेले नाही. सुजाता म्हणाली, ‘जा की. तू नको माझ्यासाठी उपाशी मरू.’ हे म्हणताना ती हसत नव्हती.

वर्षाचं दुसरं वर्ष झालं, दुसऱ्याचं तिसरं. शनिवारी दुपारी ती नांदेडची एस. टी. पकडायची, सोमवारी सकाळी परत. येताना अर्धापूरच्या केळ्यांचा घड आणि प्रज्ञाच्या गोष्टी. प्रज्ञाचा दात पडला, प्रज्ञा पहिली आली, प्रज्ञा आजीलाच आई म्हणून राहिली. हे शेवटचं तिनं केळी सोलता सोलता सांगितलं आणि केळं खाल्लं नाही. बदलीचा अर्ज ती देतच होती. दर वेळी मुख्य कार्यालयातले साहेब म्हणायचे, ‘मॅडम, तुमच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमतंय का? तुम्ही गेलात तर लातूरची लॅब बंदच करावी लागंल.’ ही तारीफ होती. वार्षिक सभेत तिला नारळ आणि शाल दिली, तेव्हाही हेच बोलले. मी तिला म्हणायचे, अगं एकदा चुकीचं काम कर, सुटशील. ‘करून बघितलं असतं,’ ती म्हणाली, ‘पण मला येईना.’ चांगलं काम करणाऱ्या बाईला ह्या जगात जेवढं घट्ट बांधून ठेवतात, तेवढं खाटकाच्या दारातल्या बकऱ्यालाही बांधत नाहीत. हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

मग दुष्काळ पडला. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही तसाच निघाला. नव्या जिल्ह्याला जे येणार होतं त्यातलं टँकर तेवढे आले. लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला रसूलमामू होते, सुजाताच्या वडिलांच्या वयाचे, निजामाच्या काळातलं उर्दू बोलणारे. धुण्याची रीत ठरलेली. आधी आम्ल, मग साधं पाणी पुन्हा पुन्हा, मग ऊर्ध्वपातित. टँकरचं पाणी इतकं जड की भांडी वाळली की त्यांवर पांढरे डाग राहायचे. त्यात एके दिवशी ती माडीचा जिना धावत चढून आली. तिला तसं धावताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बदलीचा हुकूम आला होता. नांदेडहून एक गृहस्थ तिच्या जागी येणार आणि ती त्यांच्या. प्रज्ञा तेव्हा तिसरीत होती. ‘चौथीला मी तिला शाळेत पोचवायला जाणार,’ ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं अख्ख्या माडीभर फिरून मला हेच पुन्हा पुन्हा सांगितलं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. खोली एकटीची होणार होती.

नवे गृहस्थ आले, तिच्याकडून काम समजून घेऊ लागले. निळा रंग कधी घाईत वाचायचे, कधी बोलत बसून उशिरा. शिकतील, असं ती म्हणायची. लातूरजवळच्या मुरुडच्या आसपासच्या गावांची मोठी खेप त्या महिन्यात तपासून झाली, निकाल संघाच्या डेपोंवर रवाना झाले. तिच्या सुटकेला थोडे दिवस उरले होते तेव्हा एका संध्याकाळी ती घरी आली ती बाटली न घेताच. मी म्हणाले, बाटली विसरलीस. ती खाटेवर बसली. ‘शैला, मुरुडकडच्या माळाची माती अर्धापूरच्या केळीच्या मळ्यासारखी दिसून राहिली. नुसता मुरूम हाय तिथं. आणि निळा असा की शाई.’ तिला आधी क्षारावर संशय आला होता. नवा केला. कथिलाचा तुकडा बदलला. मग माती न घालताच नुसती औषधं घालून बघितली, ते पाणी नितळ राहायला हवं. तेही निळं झालं. एका भांड्यात फिकं, दुसऱ्यात गडद. म्हणजे दोष मातीत नव्हता, क्षारातही नव्हता. भांड्यांत होता.

दुसऱ्या दिवशी तिला मोरीमागं धुण्याच्या पावडरचा पुडा सापडला. रसूलमामूंनी स्वतःच्या घरून आणला होता. ‘नये साब आनेवाले थे ना म्याडम,’ ते म्हणाले, ‘बर्तनां पे धब्बे देखते तो तुमारा नाम खराब होता. म्हून मैं चमकाया.’ पावडरीनं भांडी लखलखली होती. पण तिच्यात स्फुरद असतं. आणि धुऊन काढायला पाणी कुठं होतं? टँकर न आलेल्या दिवशी मामूंनी एकाच पाण्यात सगळं खळबळून घेतलं होतं. म्हणजे तिची अब्रू राखायला त्यांनी जे केलं, त्यानंच गावोगावच्या मातीत नसलेलं खत कागदावर उगवलं. स्फुरद भरपूर, सुपर फॉस्फेट घालण्याची गरज नाही, असे निकाल तिच्या सहीनं गेले होते. ते मानून कुणी खत न घालता पेरलं, तर पीक गुडघ्याएवढंच राहणार.

मी तिला स्पष्ट सांगितलं, तू जा. नव्या माणसाला सांग आणि जा. तो करील, नाहीतर न करील, तुझ्या पोरीपेक्षा मुरूम मोठा आहे का? ती म्हणाली, ‘त्याला अजून निळा कवा वाचायचा ते कळंना. तो पुन्हा तेच करून ठेवंल. आन सही माझी हाय.’ मी म्हणाले, सहीचा एवढा गर्व बरा नव्हे. होता तो, तिला गर्व होता. जिच्या घरात शिकण्याशिवाय दुसरा देव नव्हता, तिला स्वतःचा चुकलेला आकडा गावात फिरताना सोसणार नव्हता. त्या रागात ती मला ‘तुला न्हाई कळायचं’ म्हणाली आणि आम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलो.

साहेबांना तिनं सगळं सांगितलं, फक्त मामूंचं नाव घेतलं नाही. धुण्याची पद्धत माझी, जबाबदारी माझी, एवढंच म्हणाली. साहेब काय म्हणाले ते तिनं मला त्याच संध्याकाळी जसंच्या तसं ऐकवलं. ‘कशाला उकरून काढता मॅडम? पाऊसच न्हाई. पेरणार कोण?’ त्यावर ती म्हणाली होती, ‘पाऊस कवातरी पडंल की साहेब.’ तेव्हा साहेबांनी हात झटकले आणि तिला हवी ती परवानगी दिली. फेरतपासणी पुरी करा, मग जा. तोवर बदली थांबेल. इतक्या सहज तिला परत आत घातलं आणि दाराला कडीसुद्धा लावावी लागली नाही, ती तिनंच लावली होती.

मातीच्या पिशव्या लॅबमध्ये शिल्लक होत्या. हवं होतं ते पाणी. प्रत्येक भांडं आम्लात उकळून, पुन्हा पुन्हा विसळून घ्यायचं, तर दिवसाला किती होणार? आमच्या वाट्याचं टँकरचं पाणी ती लॅबला न्यायची, आम्ही दोघी तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायचो आणि मी कुरकुरत राहायचे. मामू भांडी विसळताना रडायचे. तिनं त्यांना एकदाच सांगितलं, ‘मामू, आसवं भांड्यात पडू देऊ नका, त्यात मीठ असतं.’ काम लांबत गेलं. तेवढ्यात नव्या गृहस्थांच्या ओळखीतल्या कुणीतरी वर कुणालातरी सांगितलं आणि त्यांची लातूरची बदली रद्द झाली. ते नांदेडला आपल्या खुर्चीवर परत गेले. म्हणजे तिथली जागा भरली. सुजाताचा हुकूम आपोआप बारगळला. फेरतपासणी मात्र तिनं पुरी केली. नवे निकाल गेले. पुढं पाऊस पडला तेव्हा मुरुडकडचा एक शेतकरी लॅबमध्ये येऊन तिला म्हणाला, ‘बाई, तुमचा पयला कागद लई चांगला हुता. खत नको म्हनत हुता. ह्यो दुसरा कामून काढला?’ तिनं त्याला बसवून, माती घालून, समोर निळा करून दाखवला. त्याच्या मातीचा निळा इतका फिका होता की त्याला दिसेना. तिनं पांढरा कागद मागं धरला. ‘आता दिसतोय का?’ ‘जरासा,’ तो म्हणाला. ‘तेवढंच हाय तुमच्या रानात,’ ती म्हणाली. तो खत घेऊन गेला. हे ऐकूनही माझा राग गेला नाही. चौथीला प्रज्ञाला शाळेत पोचवायला तिची आजीच गेली.

बदली झाली ती प्रज्ञा दहावी पास झाली त्या वर्षी. आणि नशिबाची थट्टा अशी की त्याच वर्षी प्रज्ञा अकरावीला लातूरला आली, कारण तोवर लातूरच्या अभ्यासाचा बोलबाला झाला होता आणि नांदेडची हुशार पोरं इकडे यायला लागली होती. आई तिकडे, लेक इकडे. मी तोपर्यंत स्वतःचं घर बांधलं होतं, प्रज्ञा माझ्याकडे दोन वर्षं राहिली. मुलगी अबोल. आईचं पत्र आलं की वाचून घडी घालून ठेवायची. एकदा भाजी निवडताना तिनं विचारलं, ‘मावशी, मी तिसरीत असताना आई येणार होती ना? आजीनं मला नवीन दप्तर घेतलं होतं तवा.’ मी तिला सगळं सांगितलं. मामू, पावडर, मुरुडची माती, साहेब. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मंग मातीचं काम झालं म्हणायचं.’ ह्यात आईची बाजू होती की तक्रार, ते मला त्या वेळी कळलं नाही. पुढं ती शिकली, बँकेत लागली, नांदेडलाच राहिली. निवृत्त झाल्यावर सुजाता तिच्याजवळ होती. दोघींचं भांडण कधी झालं नाही. सुजाता मला फोनवर म्हणायची, ‘लई जपते गं मला. पाहुण्यासारखं जपते.’

शेवटच्या वर्षात सुजाताची आठवण विस्कटत गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिनं मला ओळखलं, पण अक्का कशा आहेत म्हणून विचारलं. अक्का जाऊन किती वर्षं झाली होती. मी म्हणाले, बऱ्या आहेत, तुझी आठवण काढतात. ती म्हणाली, ‘खोटं बोलू नको,’ आणि हसली. तेच शेवटचं.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी मी प्रज्ञाकडे गेले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, ‘मावशी, ये, तुला एक दाखवते.’ स्वयंपाकघरात धान्याची पत्र्याची कोठी आहे, जुनी, तिच्या आजीच्या वेळची. प्रज्ञा वाकली आणि कोठीमागून तिनं चपलांचा एक जोड ओढून काढला. साध्या, काळ्या पट्ट्यांच्या, टाचेला झिजलेल्या. आईच्या.

‘लहानपणी आई निघायच्या टायमाला मी तिच्या चपला लपवायची,’ ती म्हणाली. ‘दर वेळेला इथंच. मला वाटायचं, चपला न्हाईत तर जाणार कशी? आई सगळं घर शोधायची. खाटंखाली, न्हाणीत, गच्चीवर. आजीला विचारायची, शेजारी विचारायची. पयली गाडी जायची. मंग कोठीमागं बघायची. मी मोठी झाले तवा डोक्यात आलं, तिला पयल्यापासून ठाऊक होतं. तरी सगळ्यात शेवटी इथं बघायची.’

 माझ्याकडे तिचे शनिवार होते, सोमवार होते, केळी होती. ही गोष्ट माझ्याकडे नव्हती. सुजातानं ती मला कधी सांगितली नव्हती, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. ती गोष्ट माझी नव्हतीच.

‘शेवटी शेवटी तिला रोजच निघायचं असायचं,’ प्रज्ञा सांगत होती. ‘संध्याकाळ झाली की खाटेवर उठून बसायची. चपला दे, लातूरची गाडी जाईल, नमुने पडून राहिलेत म्हणायची. मी समजावून थकले. आई, तू रिटायर झालीस, ती लॅब बंद पडली. ऐकायची न्हाई. तोल जायचा, एकदा उंबऱ्यात पडली. मंग ती गेली ना, त्याच्या आदल्या दिवशी मी चपला उचलल्या आन इथं आणून ठेवल्या. संध्याकाळी उठून बसली. खाली बघितलं. चपला न्हाईत. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, लपवल्यास? मी म्हणाले, हाव.’

 चपलांवरची धूळ प्रज्ञानं पदरानं पुसली.

‘लई वेळ बघत राहिली माझ्याकडं. मला वाटलं, आता शोधायला उठंल. उठली न्हाई. पाय वर घेतले, माझा हात धरला आन म्हणाली, बरं... आजचा दिवस राहते.’